मिरची मागे, माणसं पुढे

चिन्मयी आणि ओजस,

हे मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही एका दमात वाचून बाजूला ठेवलं असतं, आणि मला ते नको आहे. पप्पांना शेजारी बसवा, अडेल तिथे विचारा. ते काही ठिकाणी हसतील, काही ठिकाणी थांबतील. थांबतील तिथे त्यांना घाई करू नका.

आत्ताच का, तर नंदुरबारात पुन्हा मिरची आली आहे. परवा फोनवर ओजसने विचारलं, "आजी, या वर्षी कोणाला शिंका आणल्यास?" तुम्ही सगळे हसलात, मीही हसले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की ही गोष्ट आता घरात पक्की झाली: आजीने नव्या गाडीचा ब्रेक दाबला आणि सगळे शिंकले. मिरची आली की ती सांगितली जाईल, आणि मी नसेन तेव्हाही. तुम्ही ती फोनच्या पडद्यावर पाहिलीत. मी स्टिअरिंगवर होते. तिथून ती वेगळी दिसत होती, म्हणून लिहिते.

मिरचीचा हंगाम तुम्ही पाहिलेला नाही, कारण तुमच्या सुट्ट्या आमच्या पावसात येतात. दिवाळी सरते, पहाटे अंगावर शाल लागते, आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनी एकेक करून लाल व्हायला लागतात. त्यांना पथारी म्हणतात. बाजारात ओली मिरची उतरते, व्यापारी ती पथारीवर पसरतात, आणि नजर जाईल तिथवर ती उन्हात वाळत पडते. बायका नाकातोंडाला पदर बांधून देठ खुडत बसतात. दुरून पाहिलं तर कोणी लुगडी वाळत घातली आहेत असं वाटतं. जवळ गेलं की डोळेच सांगतात, पुरे.

वारा फिरला की मिरची गावात येते. दिसत नाही, पण घशाला कळते. आमच्या कॉलनीत सगळ्यात आधी समोरच्या घरातले वकील शिंकतात, मग त्यांची बायको, मग आमचे नाना, म्हणजे तुमचे आजोबा. मग मी खिडक्या लावते. बाहेर वर्षातलं सगळ्यात चांगलं ऊन पडलेलं असतं आणि आम्ही काचा लावून आत बसलेलो असतो. मी या गावात लग्न होऊन आले तेव्हापासून हिवाळा म्हणजे माझ्यासाठी काचेच्या पलीकडचं ऊन.

त्या बंद दिवसांत मला एकच उघडी जागा होती, ती म्हणजे आमची जुनी गाडी.

तुम्हाला ती अंधुक आठवत असेल. डाळिंबी रंगाची, पुढे नाक आणि मागे डिकी असलेली, काचा हाताने फिरवून वरखाली करायच्या. रंग टपावरून उडत गेला होता, तिथे ती वाळलेल्या मिरचीसारखीच दिसायची. ड्रायव्हरच्या बाजूचं दार थोडं उचलून लावावं लागे, नाहीतर ते लागल्यासारखं दाखवायचं आणि वळणावर उघडायचं. पायाखालच्या चटयांत मिरचीचं बी कायमचं जाऊन बसलं होतं. मी उंचीने कमी, म्हणून सीटवर एक गादी असे. ती माझ्या थोरल्या बहिणीने, जिजीने, आपल्या जुन्या लुगड्याची खोळ करून घरच्या कापसाने भरून शिवली होती. त्या गादीवर बसलं की बॉनेटचं टोक दिसायचं. तेवढं दिसलं की मला सगळा रस्ता दिसायचा.

गाडी मला नानांनीच शिकवली. मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि आमच्या नात्यात कोणतीही बाई गाडी चालवत नव्हती. कोरीटला आपलं शेत आहे, तिथे मिरची उपटून झाल्यावर काळं रान मोकळं पडलं होतं. त्यात नानांनी मला जीपमध्ये बसवलं. बांधावर बसून गडी बघत होते. जीप बेडकासारखी उड्या मारायची आणि नाना शेजारून सांगायचे, "क्लच सोडायची घाई नाही, मॅडम. क्लचला वाटलं पाहिजे की आपणहून सुटला." ते मला मॅडम म्हणतात ते तेव्हापासून. निम्मं कौतुक, निम्मा टोमणा.

दर गुरुवारी दुपारी मी कळसाडीला जिजीकडे जायची. जिजीला गुडघ्यांनी घरात बसवलं आहे. तिची मुलं शेतात, सुना कामात. ती ओट्यावर खाट टाकून कापसाच्या नाहीतर उसाच्या गाड्या मोजत बसते. जाताना तापीचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे मी या घराची सून, तुमच्या नानांची बायको, निवृत्त प्राध्यापिका. पलीकडे जिजीची धाकटी बहीण, जिला अजून वेणी घालता येत नाही असं ती मानते. मधल्या रस्त्यावर मी कोणाचीच कोणी नव्हते. कधी गाणं म्हणायची. कधी मोठ्याने कोणाशी तरी भांडायची, बहुधा नानांशीच, आणि जिंकायची. काच खाली केली की पुलावर वाऱ्याला मिरचीचा वास नसायचा, पाण्याचा असायचा.

मग गेल्या हंगामात गॅरेजवाल्याने सांगितलं, की या गाडीचे पार्ट आता मिळत नाहीत. एवढंच सांगितलं. पण त्या संध्याकाळपासून घरात नव्या गाडीचं बोलणं सुरू झालं.

नाना इथे झोपाळ्यावर, तुमचे पप्पा, हेमंत, तिकडे कॅनडात, मध्ये फोन. मी जेवणाच्या टेबलाशी काही ना काही निवडत बसलेली. हेमंतचं म्हणणं, की आता सगळे उंच गाड्या घेतात. नाना ऐकेनात.

"उंच गाडीला डिकी कुठे असते? मागची सीट संपली की सामान. म्हणजे मिरची आणि माणूस एका खोलीत. आपल्याला डिकीवालीच पाहिजे. मिरची मागे, माणसं पुढे, मध्ये भिंत."

"नाना, वर्षातून एकदा नेता तुम्ही मिरचीचं पोतं."

"त्या एकदासाठीच गाडी घ्यायची असते, बाबा. बाकी दिवस रिक्षा आहेत."

यात गंमत वाटेल तुम्हाला, पण नानांना गंमत वाटत नव्हती. आमच्या घरची रीत आहे. कोरीटची मिरची वाळून आली की पहिलं पोतं बहिणीच्या घरी जातं. नानांना बहीण नाही, म्हणून ते माझ्या बहिणीकडे जातं. ते पोचल्याशिवाय आमच्या घरात नवी मिरची कांडायची नाही. सासूबाईंनी पाळलं, मी पाळते. तोपर्यंत जुनंच तिखट खायचं, रंग गेलेलं. नानांना ते मुळीच आवडत नाही.

तर डिकीवाली मध्यम आकाराची गाडी, इथपर्यंत ठरलं. मग दोघांचं बोलणं पुढे सरकलं. कोणत्या गाडीत मागे पाय जास्त पसरता येतात. कोणत्या गाडीत मागच्या सीटला वेगळा एसी आहे. हात टेकायला मधून खाली येणारा दांडा. मागच्या काचेला ऊन अडवणारा पडदा. मी मटार सोलत ऐकत होते. "आईला मागे दम लागायला नको," हेमंत म्हणाला. "आईला चढता-उतरता आलं पाहिजे," नाना म्हणाले. दोघंही किती जपून बोलत होते. मी सोललेल्या शेंगा आणि दाणे एकाच भांड्यात टाकत होते, हे मला नंतर कळलं.

कोणी म्हटलं नाही, की आता तू चालवू नकोस. म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. मला उत्तरं देता येतात, आयुष्यभर त्याचाच पगार घेतला. पण तुमच्या पायांना जागा मिळावी म्हणून झटणाऱ्या माणसांना काय उत्तर द्यायचं? कोणी कडी घातली तर ती वाजवता येते. इथे तर उशा रचत रचत दार बुजवत आणलं होतं.

शोरूममध्ये गेलो त्या दिवशी टाय लावलेला सेल्समन धावत आला आणि त्याने माझ्यासाठी गाडीचं मागचं, डाव्या बाजूचं दार उघडलं. अगदी वाकून. मी उभी राहिले. गाडी पांढरी, चकचकीत, आत नव्या चपलांच्या दुकानासारखा वास. नाना पुढून बघत होते, त्यांच्या हातातल्या फोनमधून हेमंत बघत होता, आणि त्याच्या मागून तुम्ही दोघं.

"आंटी, बसून तर बघा. मागे सोफ्यासारखं आहे."

"पुढून बघते आधी," मी म्हणाले.

त्याने नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "बघू दे ना. लायसन आहे तिच्याकडे. तुझ्यापेक्षा जुनं असेल."

पण त्याआधी नानांची स्वतःची परीक्षा होती. त्यांनी जुन्या गाडीतून जिजीचं पोतं आणलं होतं. डिकीत बसतं का बघायचं होतं. सेल्समनला वाटलं, काका मस्करी करत आहेत. पण पोतं खरंच डिकीत गेलं, आडवं, छान बसलं. शोरूममधले दोघं-तिघं जागच्या जागी शिंकले. नाना खूश. पोतं तिथेच राहू दे म्हणाले, चालत्या गाडीत हलतं का तेही कळेल. भरल्या मिरचीचं पोतं घेऊन कोणी नवी गाडी चालवून बघायला निघतं का? आमच्याकडे निघतं.

आता तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट. सेल्समनने आधी नानांना कौतुकाने दाखवलं होतं, की मागच्या सीटची पाठ पुढे पाडली की डिकी आतून उघडते, लांब सामान ठेवता येतं. पाठ पाडली, उचलली, पण ती खट्ट आवाज करून बसली नव्हती. नानांच्या भिंतीला दार होतं, आणि ते उघडं होतं.

गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, पायाखाली दोनच पेडल. सेल्समन माझ्या शेजारी बसला. "आंटी, एकच करायचं. डावा पाय विसरून जायचं." नाना मागे बसले, फोन हातात धरून.

मी गाडी काढली. हे तुम्ही पाहिलंत का? नाही, कारण नानांनी फोन छताकडे धरला होता. मी चांगली चालवली. चौकातून वळवली, पथारीच्या रस्त्याला लावली. इतकी शांत गाडी मी कधी चालवली नव्हती. दोन्ही बाजूंना लालच लाल आणि आत मिरचीचा वासही नाही. देठ खुडणाऱ्या एका बाईने मान वर करून पाहिलं आणि शेजारणीला कोपराने ढोसलं. मी अजून थोडं पुढे नेलं. मनात आलं, जाऊ की अशीच पुलापर्यंत.

तेवढ्यात पथारीतून मिरचीची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर रस्त्यावर आला. हॉर्न नाही, काही नाही. उजवा पाय ब्रेकवर गेला. डावाही गेला, क्लच शोधायला, इतक्या वर्षांच्या सवयीने. क्लच नव्हता. तिथे ब्रेकचंच रुंद पेडल होतं, आणि डावा पाय क्लच दाबतो तसा पूर्ण दाबतो.

गाडी जागच्या जागी उभी राहिली. ट्रॉलीला लागली नाही. ही एक ओळ तुमच्या गोष्टीत कधी नसते. सीटची पाठ धाडकन पुढे पडली, पोतं नानांच्या खांद्याशी आलं, त्याचं तोंड सुटलं, आणि बंद काचांच्या आत तांबडी धूळ उडाली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. सेल्समन बोलायला तोंड उघडायचा आणि शिंकायचा. नानांच्या हातात फोन गरगरत होता. त्यातून हेमंत ओरडत होता, "आई? काय झालं? आई?" आणि मागे तुम्ही दोघं खदखदून हसत होतात. तुमचं हसू त्या गाडीत फार गोड वाटलं, खरंच सांगते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मिरचीत ते कोणाला ओळखू येत नाही.

"हेमंत, बघितलंस का," नाना शिंका आवरत म्हणाले, "भिंतीला दार ठेवलं यांनी."

"नाना, भिंत जाऊ द्या. आईचा ब्रेक बघा आधी."

मग सेल्समन उतरला, काचा पुसल्या, आणि पुन्हा एकदा माझ्यासाठी मागचं दार उघडलं. यावेळी मी बसले.

गाडी तीच घेतली. जुनी एक्स्चेंजमध्ये गेली. तिच्यातून निघालेलं सामान एका पिशवीत घालून त्यांनी माझ्या हातात दिलं: छत्री, पाण्याची बाटली आणि गादी. नव्या गाडीची सीट बटणावर वर जाते, गादीची गरज नाही, असं सेल्समन म्हणाला. ती मी घरी आणून जेवणाच्या खुर्चीवर टाकली.

त्या दिवशीचा फोटो तुमच्याकडे आहे. नव्या गाडीला घरातली मोठी बाई ओवाळते, चाकांखाली लिंबं ठेवते, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढते. ते सगळं मी केलं. मग शोरूमवाल्यांनी फोटोसाठी मला ती भलीमोठी किल्ली धरायला दिली. फोटोत किल्ली माझ्याच हातात आहे. पुठ्ठ्याची. खरी नानांच्या सदऱ्याच्या खिशात गेली.

आणि ड्रायव्हर म्हणून रतनभाऊ आले. आधी जीप चालवायचे, सभ्य माणूस, गाडी पुसतात मन लावून. पहिल्या गुरुवारी मी सवयीने उजवीकडून गेले, तर ते हसून अहिराणीत म्हणाले, "मॅडम, तुम्ही कसाले तरास लेतस? मांगे बठा. गाडी मी काढस." मी मागे बसले. सोफ्यासारखं आहे, हे खरं. पुलावर काच खाली करायला गेले, तर ते म्हणाले, एसी चालू आहे. गाणं म्हणता येईना. भांडताही येईना. रतनभाऊंनी क्लच नसलेली गाडी वळणावर हळू केली, की मागे माझा डावा पाय गालिच्यात रुतायचा.

जिजीने ओट्यावरून गाडी थांबताना पाहिली, मला मागून उतरताना पाहिलं. मी जवळ गेले. मग म्हणाली, "व माय, तू उनी, का तुले लई उनात?"

आली की आणली.

तेव्हापासून आमच्या गप्पा आखडल्या. बाहेर माणूस ताटकळतो आहे, या विचाराने मी चहा संपला की उठायची. जिजी चिडायची. "घोडावर बठीसन येस का? तो बठेल शे म्हनीसन तू पळस." तिला कसं सांगू, की तो बसलेला असतो म्हणूनच मला बसवत नाही.

यंदा मिरची आली आणि रतनभाऊ गेले. हंगामात व्यापाऱ्यांकडे ड्रायव्हरांना चांगलं काम असतं, त्यांचं काही चुकलं नाही. पांढरी गाडी पोर्चमध्ये, कव्हर घालून. नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे, ते चालवत नाहीत. "रतन आला की जाऊ," ते म्हणतात. हिवाळा, बंद खिडक्या, बंद गाडी. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. फोनवर जिजी म्हणते, "मी आठेच शे. मी कथी जास?" ती इथेच आहे, जाणार कुठे. पोर्चच्या कोपऱ्यात तिचं पोतं उभं होतं. आणि घरात जुनंच तिखट.

गेल्या गुरुवारी आमटी वाढली. नानांनी एक घास घेतला आणि वाटी थोडी दूर सरकवली. "हिला रंग आहे का काही?" मी म्हटलं, "पोतं पोचलं की नवीन कांडू."

दुपारी ते आडवे झाले. चावी सदऱ्यात, सदरा खुंटीला. मी काढली नाही. मागितल्याशिवाय घेतली असं मला नंतर ऐकायचं नव्हतं. मी फक्त कव्हर काढलं. गाडी लॉक केलेली नव्हती. खुर्चीवरची गादी नेऊन पुढच्या सीटवर टाकली आणि बसले. बॉनेटचं टोक दिसलं. मग डावी चप्पल काढली आणि तो पाय सीटखाली मागे दुमडून ठेवला. हे मी मनाशी पुष्कळदा ठरवलेलं होतं. विसर म्हटलं की पाय विसरत नाही. त्याला दुसरं काम द्यावं लागतं.

किती वेळ तशी बसले कोण जाणे. डिकी उघडल्याचा आवाज आला, मागे काहीतरी जड पडलं, गाडी जराशी खाली बसली. मग सीटची पाठ कोणीतरी ठोकून बघितली. खट्ट. मागचं डावं दार उघडलं आणि नाना आत बसले. नाना माझ्याशी एरवी मराठीतच बोलतात. लाडात किंवा रागात आले की अहिराणीत.

"चाल. मी मांगे बठस," ते म्हणाले आणि खांद्यावरून चावी पुढे केली. "पुलापर्यंतच हां. पुढचं पुढे बघू."

मी सावकाश नेली. पथाऱ्या मागे पडल्या. आरशात पाहिलं तर नाना दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसले होते. मलाही भीती वाटत होती. एकदा सीटखालचा पाय सुटू पाहत होता, त्याला धरून ठेवलं. पूल दिसला. मी नानांच्या सांगण्याची वाट पाहिली. ते खिडकीतून बाहेर बघत होते. अखेर म्हणाले, "इथून वळव," पण तोवर आम्ही पुलावर होतो, आणि पुलावर गाडी वळवत नाहीत.

"एसी बंद करते," मी म्हटलं आणि काच खाली केली. नानांनीही केली.

जिजीने ओट्यावरून पाहिलं. आधी मला पुढून उतरताना, एका पायात चप्पल. मग नानांना मागून, कमरेला हात लावत. तिने पदर तोंडाला लावला आणि इतकी हसली की खाट हलली. "आते तू उनी," ती म्हणाली. नानांनी पोतं उतरवलं. आम्ही दिवस मावळायला आला तरी बसलो होतो, बाहेर कोणी ताटकळत नव्हतं.

याने काही ठरलं, असं समजू नका. खिडक्या अजून बंद आहेत. रतनभाऊ हंगाम संपला की परत येतील. पप्पांना हे पत्र वाचेपर्यंत माहीत नव्हतं, आता ते फोन करतील आणि नाना फोन माझ्याकडे देतील. चावी अजून सदऱ्याच्या खिशात असते आणि मागावी लागते. उद्या गुरुवार आहे. मी मागणार आहे.

डाळिंबी गाडी राहिली नाही. जिजीने शिवलेली गादी आहे. ती पुढच्या सीटवर आहे.